ब्राम्सचा ई मायनर चेलो सोनाटा: सरावाच्या नोंदी, सप्टेंबर ते जानेवारी

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज गणपती बसले. ताईंकडे आरती झाली, प्रसाद झाला, माणसं पांगली आणि मग आम्ही दोघीच बेबी ग्रँडसमोर बसलो आणि अखेर ठरवून टाकलं. जर्मन संगीतकार ब्राम्सचा चेलो सोनाटा, ओपस ३८, पूर्ण, तिन्ही मूव्हमेंट (म्हणजे खंड), १९ जानेवारीला ताईंच्याच दिवाणखान्यात, २५-३० माणसांपुढे. साडेचार महिने हातात आहेत.

थोडं स्वतःसाठी लिहून ठेवते म्हणजे नंतर वाचताना संदर्भ लागेल. मी मूळची पुण्याची, हॅम्बुर्गला येऊन अकरा वर्षं झाली, चेलो हातात घेतला तोच इथे आल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी. ताई गिरगावच्या, लहानपणी धोबी तलावला एका गोवेकर सरांकडे पियानो शिकल्या, ते सर चुकीचा सूर लागला की बोलायचे नाहीत, नुसते पान उलटून पुन्हा पहिल्यावर आणायचे. ताईंना इथे तीस वर्षं झाली. आम्ही दोघी तीन वर्षांपासून छोटं छोटं वाजवतोय, पण ब्राम्सचं नाव काढायची हिंमत मला झाली नव्हती, ताईंनीच काढलं.

हेनले प्रकाशनाची निळ्या कव्हरची स्वरलिपीची प्रत आणलीय. नावातच पहिली गोष्ट दिसली. ब्राम्सनी लिहिलंय पियानो आणि चेलोसाठी सोनाटा. पियानो आधी. मी ताईंना म्हटलं, ताई, बघा तुमचं नाव आधी आहे. त्या म्हणाल्या, "मग आहेच आधी, तू काय समजलीस मी साथीला बसणारे?"

हे डोक्यात घेऊन घरी आले.

१० सप्टेंबर

पहिल्या आठ मापांवरच (माप म्हणजे स्वरलिपीतलं एक आवर्तन) दीड तास गेला. म्हणजे रोजचा सगळा कोटाच, कारण खालच्या मजल्यावर बाळ आहे आणि मी संध्याकाळी साडेसहा ते आठ एवढंच वाजवते.

सुरुवात चेलोची, अगदी खालच्या सी तारेवर. आपल्या भाषेत लिहायचं तर ई ला सा धरला की सा, कोमल ग, प, कोमल ध, आणि लगेच परत प. आसावरीचे सूर. त्या कोमल धैवतावरून पंचमावर येताना जे काही होतं ना, त्या अर्ध्या सुराच्या उतारात, तेच बहुतेक पुढचे चौदा मिनिटं सगळीकडे फिरतं. पियानो तेव्हा काय करतो तर ठोक्यावर नाही, ठोक्याच्या मध्ये हलके कॉर्ड. त्यामुळे चेलोच्या पायाखाली जमीन नसते, स्वतःचीच लय धरून चालायचं.

सी तार उशिरा बोलते हा खरा प्रॉब्लेम. जाड तार, गज ठेवला की क्षणभर नुसती हवा आणि मग सूर. पहिलाच सूर असा फुटला तर ऐकणाऱ्याला वाटतं चेलो झोपेतून उठतोय. गज आधी तारेवर बसवून, हाताचं वजन सोडून, मग ओढायचा. पन्नास वेळा तरी केलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

ताईंबरोबर पहिली बैठक. पहिली मूव्हमेंट हळू, अडखळत, पण शेवटपर्यंत. मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि येताना यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, ऐकलं. मी ऐकूच येत नाहीये. म्हणजे सुरुवातीला येते, मग पियानो दोन्ही हातांनी खाली उतरला की मी गायब, मधेच वरच्या ए तारेवर गेले की पुन्हा उगवते.

मला वाईट वाटलं हे खरंय. मी तर जीव तोडून वाजवत होते.

१९ सप्टेंबर

सरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. (आमचे सर म्हणजे ऑर्केस्ट्रातून रिटायर झालेले चेलिस्ट, इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात पण माझ्या मनात ते सरच.) ते हसले नाहीत, उलट म्हणाले की या सोनाट्याचं पहिलं गाऱ्हाणंच हे आहे. मग त्यांनी गेन्सबाखरची गोष्ट सांगितली. योसेफ गेन्सबाखर म्हणजे ज्याला हा सोनाटा अर्पण केलाय तो, व्हिएन्नातला गाणं शिकवणारा मास्तर आणि हौशी चेलोवादक. १८६३ मध्ये ब्राम्सला तिथल्या झिंगआकाडेमी या गायनमंडळाचं काम मिळालं त्यात त्याचा हातभार होता. तर दोघं वाजवत असताना गेन्सबाखर म्हणाला मला माझाच चेलो ऐकू येत नाहीये, आणि ब्राम्स वाजवता वाजवताच ओरडला की तुझं नशीब समज, आणि तसाच दणदणीत वाजवत राहिला. ही गोष्ट चेलोवाल्यांमध्ये सगळीकडे सांगितली जाते.

म्हणजे ज्याच्यासाठी लिहिला त्या माणसालाही हाच त्रास झाला होता. मला त्याच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. नोकरी वेगळी, हौस चेलोची, आणि समोर पियानोवर कोण तर खुद्द ब्राम्स.

सरांनी मला एकच काम दिलं. जोर नको, जागा बदल. गज ब्रिजच्या (तारा टेकतात त्या लाकडी घोडीच्या) जवळ आण, वेग कमी कर, वजन वाढव. मी घाबरले की गज भरभर ओढते, त्यानं आवाज पसरतो आणि पोचत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

ताईंकडे नुसता प्रयोगांचा दिवस. पियानोचं झाकण पूर्ण उघडं, मग छोट्या काठीवर, मग बंद. माझी खुर्ची पियानोच्या वळणात, मग पुढे, मग ताईंच्या उजव्या हाताजवळ. ताईंची मुलगी समोर सोफ्यावर बसून बोटं दाखवत होती, एक म्हणजे चेलो दिसतो, पाच म्हणजे चेलो बुडाला.

बंद झाकण सगळ्यात वाईट निघालं, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. आवाज कमी होत नाही, चिखल होतो, खालचे सूर एकमेकांत मिसळतात आणि त्याच चिखलात माझी सी तार रुतते. छोट्या काठीवर ठेवलं तर पियानो स्पष्ट राहतो, आणि स्पष्ट पियानोच्या शेजारी चेलोला जागा मिळते. आम्ही ते पक्कं केलं. शिवाय पियानोखाली ताईंचा जुना गालिचा अंथरला.

चेलोची खुंटी (चेलो जमिनीवर टेकवायची खालची दांडी) आधी नुसती लाकडी फरशीवर, मग खाली रबरी पॅड घालून पाहिलं. फरशीवर उघडी टेकवली की फरशीच वाजते, खर्ज दुपटीनं मोठा होतो. या सोनाट्याच्या काळात खुंटी सगळ्यांकडे नव्हतीच, बरेच जण चेलो पोटऱ्यांत धरून वाजवायचे, तारा आतड्याच्या असायच्या. पण पियानोही तेव्हाचे व्हिएन्नाचे हलके, त्यांचा खर्ज लवकर विरायचा. आजचा पियानो मोठा झाला, आणि लिहिलेलं पान तेच.

५ ऑक्टोबर

ब्राम्स म्युझियमला जाऊन आले, पेटरस्ट्रासवर, छोटीशी जुनी इमारत. ब्राम्स हॅम्बुर्गचाच, १८३३ चा जन्म, ज्या घरात जन्मला ते १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. म्युझियममध्ये टेबलासारखा चौकोनी पियानो आहे ज्यावर त्यानं शिकवण्या घेतल्या. त्याच्या वडिलांबद्दल वाचत उभी राहिले, योहान याकोब, हॉर्न वाजवायचे आणि डबल बास. म्हणजे घरात खर्ज वाजवणारा बाप. लहानपणी ब्राम्स स्वतः थोडा चेलो शिकला होता, आणि असं सांगतात की त्याचा मास्तरच चेलो घेऊन पसार झाला, म्हणून ते शिकणं थांबलं.

परत येताना मुद्दाम हामर किर्शे स्टेशनला उतरले. सोनाटा सुरू केला त्या १८६२ साली ब्राम्स याच हाम भागात राहायचा, तेव्हा ते शहराबाहेरचं बागाबिगांचं गाव होतं. आता युद्धानंतर बांधलेल्या लाल विटांच्या इमारतींच्या रांगा. १९४३ च्या जुलैत हा सगळा भाग जळून गेला. तेव्हाचं काहीही बघायला नाही, पण मी एक चक्कर मारली आणि डोक्यात सारखं ते सा ग प ध प. सप्टेंबर १८६२ मध्ये तो इथून व्हिएन्नाला गेला तो गेलाच, आणि तोपर्यंत पहिल्या दोन मूव्हमेंट झाल्या होत्या. एक अडाजिओही, म्हणजे संथ मूव्हमेंट, लिहिला होता, तो त्यानं काढून टाकला.

त्या अडाजिओचं मला फार वाटतं. तीन मूव्हमेंट, तिन्ही मायनर (कोमल गंधाराच्या, उदास), आणि मधे शांत बसायला जागाच नाही. काढला तर काढला, पण का काढला असेल याचा विचार करत मी अख्खी मूव्हमेंट पुन्हा वाजवली आणि मला वाटलं की पहिलीच इतकी सावकाश, लांब श्वासाची आहे की नंतर अजून एक संथ तुकडा आला असता तर गाडी थांबलीच असती. हे माझं मत, सरांना पटलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

चेलोला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं इथे मिळाली नाहीत म्हणून शेवंतीची. मग दुपारी बैठक.

पहिली मूव्हमेंट क्वार्टर ९२ ला, म्हणजे मिनिटाला ९२ ठोके. पोचायचंय १०६ च्या आसपास, त्या गतीनं पहिला भाग दोनदा घेऊन साधारण चौदा मिनिटं होतात. पहिला भाग दोनदा घ्यायचा की नाही यावर बराच वेळ वाद. ताई म्हणत होत्या माणसं कंटाळतील. मी म्हटलं की आपल्याकडे मुखडा कितीदा येतो, कोण कंटाळतं? दुसऱ्यांदा ऐकताना तर तो ओळखीचा होतो. ताईंनी मान्य केलं.

दुसरा मुख्य विषय (विषय म्हणजे मूळ धून) बी मायनरमध्ये आहे. साधारणपणे मायनरच्या सोनाट्यात दुसरा विषय उजेडात येतो, मेजरमध्ये. इथे ब्राम्स तुम्हाला एका अंधारातून दुसऱ्या अंधारात नेतो आणि मगच, पहिला भाग संपता संपता, बी मेजर. आणि तोही खेळकर नाही, अंगाईसारखा. तिथे पियानो झुलत राहतो. मला ते आठ-दहा सेकंद इतके आवडतात की मी सारखी घाई करते तिथे पोचायची, आणि ताई म्हणतात, "अगं थांब, अजून रडून झालं नाहीये."

२६ ऑक्टोबर

वुल्फचा त्रास सुरू झालाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (हे पुढे कुणी चेलो शिकणारं वाचेल म्हणून लिहितेय): चेलोच्या खोक्याचा स्वतःचा एक सूर असतो, तारेचा सूर त्याच्या अगदी जवळ आला की दोघं भांडतात आणि आवाज गुरगुरतो, थरथरतो. बहुतेक चेलोंवर ते ई ते एफ शार्पच्या मधे कुठेतरी असतं. माझ्या चेलोवर नेमकं मधल्या एफ शार्पला. आणि ई मायनर म्हटलं की एफ शार्प पावलोपावली, बी मायनरमध्ये गेलात तर तो पंचमच.

उपाय म्हणजे ब्रिजच्या खालच्या बाजूला, तार टेलपीसकडे जाते तिथे, एक पितळी नळी लावतात, आत रबर असतं. ती मिलिमीटर मिलिमीटर सरकवायची. जी तारेवर लावून बघितली, मग सी वर. सी वर ठेवली तर गुरगुर जवळजवळ गेली पण सी तार जरा दबली, जी मला आधीच कमी पडतेय. शेवटी जी वर ठेवली आणि जे उरलं ते डाव्या गुडघ्यानं खोक्याची बाजू हलकी दाबून सांभाळते.

२ नोव्हेंबर

पाडवा. फराळ, फोन, व्हिडिओ कॉल. आईला पहिल्या मूव्हमेंटचा शेवट वाजवून दाखवला फोनवरच. शेवटी ई मायनरचं ई मेजर होतं, म्हणजे तोच सा, पण कोमल गंधार शुद्ध होतो, आणि बाकी सगळं जवळपास तसंच हळुवार राहतं. आई गाणं शिकलेली. ती म्हणाली, "गंधार उघडला गं." मी चेलो शिकताना इतक्या क्लासेसमध्ये हे इतकं बरोबर कुणी सांगितलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी मूव्हमेंट. आलेग्रेतो क्वाझी मेनुएत्तो, मिन्युएटसारखी. ए मायनर. जुन्या दरबारी नाचाची आठवण असावी तशी, कुणी प्रत्यक्ष नाचत नाहीये. चेलोला इथे अवघड असं फार काही नाही, अवघड आहे ते हलकं राहणं. माझा गज पहिल्या मूव्हमेंटच्या वजनातून बाहेरच येईना.

ट्रायो म्हणजे मधला भाग एफ शार्प मायनर, तिथे पियानोचा उजवा हात लहरत लहरत तीच चाल घेऊन जातो जी चेलोवर सरळ आहे. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब हलावं तसं. इथे दोघींना एकत्र श्वास घेता आला नाही तर ते प्रतिबिंब नुसतंच फाटतं. आज फाटलं, पाच-सहा वेळा. मग ताई म्हणाल्या की तू वाजवू नकोस, गा. मी गायले, त्यांनी वाजवलं, आणि लगेच बसलं. परत चेलोवर घेतलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाताना मी जिथे श्वास घेतला तिथे गज बदलतच नव्हते. पेन्सिलनं सगळे गज बदलले.

१६ नोव्हेंबर

तिसरी. आज फक्त दहा मिनिटं एकत्र, बाकी सगळं वेगवेगळं, कारण ती फ्यूग आहे (एकच विषय वेगवेगळे आवाज पाठोपाठ घेतात अशी रचना) आणि मला आधी कळायला हवं होतं की कोण कधी बोलतंय.

सुरुवात पियानोच्या डाव्या हातानं, एक सप्तकाची उडी आणि मग ट्रिपलेटची, म्हणजे एका ठोक्यात तीन सुरांची, धावपळ. मग चेलो तोच विषय घेऊन येतो. मग पियानोचा उजवा हात. तीन आवाज, आणि चेलो त्यातला मधला. मी इतके दिवस चेलो विरुद्ध पियानो असा हिशोब करत होते, इथे तर डावा हात, मी, उजवा हात असे तिघं आहेत.

विषय बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग' मधल्या तेराव्या कॉन्ट्रापुंक्टससारखा आहे, हे सरांनी आधीच सांगितलं होतं, आणि पहिल्या मूव्हमेंटच्या सुरुवातीतही त्याच संग्रहाचा वास लोकांना येतो. मी लायब्ररीतून आणून तेरावा वाचला. ओळख पटते, अगदी चेहरा सारखा. पण बाखचा शांत आहे, समजूतदार आहे. ब्राम्सचा तोच विषय दात ओठ खाऊन आलाय.

ही मूव्हमेंट तीन वर्षांनी लिहिली, १८६५ च्या जूनमध्ये, बाडेन-बाडेनजवळ लिश्टेनटालला. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याची आई इथे हॅम्बुर्गला वारली, तो व्हिएन्नाहून निघाला पण वेळेवर पोचला नाही. या सुरांचा त्याच्याशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही, संगीत असं जुळवता येत नाही. पण मला इतक्या लांब राहताना ती ओळ वाचून पान मिटून ठेवावं लागलं आणि त्या दिवशी पुढे सराव झाला नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तीनात दोन. एकीकडे ट्रिपलेट धावतायत आणि त्याच वेळी समोरच्याकडे सरळ दोन-दोनचे सूर. ताईंच्या दोन हातांतच ते चालू असतं, आणि मग माझ्याकडे येतं. क्वार्टर ८४ ला नीट, ९६ ला घसरतं. कारण मी ताईंच्या ट्रिपलेटवर ओढली जाते आणि माझे दोन लंगडायला लागतात.

ताईंनी टाळी देऊन शिकवलं, उजव्या हातानं तीन, डाव्यानं दोन, मांडीवर. मी म्हटलं हे आडच ना, तबल्यातलं. लहानपणी शेजारच्या काकांकडे ऐकलेली दीडपट आठवली, तोंडानं बोल म्हणत वाजवलं. चाललं! ९६ ला तीनदा स्वच्छ.

३० नोव्हेंबर

ताईंशी आज थोडं वाजलं. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये मी पुन्हा म्हटलं की ताई, जरा हळू वाजवाल का, मला माझा आवाजच येत नाही. त्यांनी हात उचलले आणि शांतपणे बोलल्या, पण लागलं.

"अगं, मी साथ करत नाहीये गं. इथे माझा विषय आहे, तुझा नाहीये. मी हळू वाजवला तर फ्यूग कुणी ऐकायची? तुझा विषय येईल तेव्हा मी बाजूला होते ना, का नाही होत?"

खरं होतं. होतात त्या. मी स्वतःच्या विषयातही तेवढाच आवाज लावत होते आणि नसतानाही तेवढाच. म्हणजे माझ्याकडे बाजूला होणं नव्हतंच. घरी येऊन रंगीत पेन्सिलनं पूर्ण पियानोची प्रत रंगवली. विषय लाल, त्याला उत्तर निळं, बाकी सगळं कोरं. जिथे मी कोरी आहे तिथे अर्धा गज, ब्रिजपासून लांब. सगळी रात्र त्यात गेली आणि मला फार बरं वाटलं.

स्वतः ब्राम्सचं म्हणणंही हेच होतं की यात पियानोनं भागीदार असावं, कधी पुढे चालणारा, कधी सांभाळून घेणारा, पण नुसती साथ कधीच नाही.

७ डिसेंबर, शनिवार

लाल-निळ्या प्रतीवरून वाजवलं. ताईंची मुलगी पुन्हा सोफ्यावर, पूर्णवेळ एक आणि दोन बोटं, एकदाच चार. ताई काही बोलल्या नाहीत पण निघताना डब्यात अळूवड्या दिल्या.

क्वार्टर १०८.

१२ डिसेंबर

संकट. खालच्या ई वर आणि त्याच्या आसपास पत्रा वाजल्यासारखी खरखर. आधी पितळी नळी सैल असेल वाटलं, मग खुंटीचा स्क्रू, मग फाइन ट्यूनर. काहीच नाही. शेवटी बोटानं कडेकडेनं टिचक्या मारत गेले आणि खालच्या बाजूला, उजव्या गुडघ्यापाशी, पोकळ टक आला. जोड उघडलाय. हीटिंग सुरू झालं, घरातली हवा २८ टक्के आर्द्रतेवर, लाकूड आकसलं.

हा खरं तर दोषच आहे असं नाही, चेलो सरसानं चिकटवतात ते याचसाठी की ताण आला तर फळी फुटण्याआधी जोड सुटावा. पण आज नको होतं.

१३ ते १७ डिसेंबर

चेलो दुरुस्तीला. पहिल्या दुकानानं जानेवारीच्या शेवटची तारीख दिली आणि फोनवर जोड चिकटवायला पूर्ण वरची फळी काढावी लागेल असं सांगितलं, ज्यावर सरांचा विश्वास बसेना. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडे पाठवलं. त्यानं पातळ पात्यानं जुना सरस साफ केला, गरम सरस भरला, क्लॅम्प लावले, दोन दिवस ठेवला. फळी वगैरे काही काढली नाही. सोबत सल्ला, खोलीत ह्युमिडिफायर आणि ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

चेलो नसताना रोज प्रत घेऊन बसले, न वाजवता, ताईंच्या भागासकट डोक्यात. पियानोचा डावा हात मी आता म्हणू शकते पूर्ण.

२१ डिसेंबर, शनिवार

चेलो परत, आणि तारही नवी टाकली, सी तार टंगस्टनची. पटकन बोलते. पहिला सूर आता गज ठेवल्या ठेवल्या येतो. हे आधीच करायला हवं होतं पण आधी केलं असतं तर हाताचं वजन सोडायला शिकले नसते कदाचित.

पूर्ण सोनाटा न थांबता, पहिल्यांदाच. २७ मिनिटं. शेवटचा पिउ प्रेस्तो, म्हणजे अजून वेगात जायचा भाग, मात्र हातातून निसटला, त्या दीड पानात आम्ही दोघी दोन वेगळ्या शहरांत होतो. तो भाग आता सुट्टीत रोज, ६० पासून वर.

४ जानेवारी २०२५

पिउ प्रेस्तो जमला. कसा ते लिहून ठेवते. आधी आम्ही एकमेकींकडे बघायचा प्रयत्न करत होतो आणि बघण्यातच वेळ जायचा. आज ताई म्हणाल्या तू माझ्याकडे बघू नको, माझा डावा हात ऐक. तोच डावा हात जो मी चेलोशिवाय पाठ केला होता. मी डोळे मिटले, डावा हात धरला, आणि तीनदा एकत्र पोचलो.

११ जानेवारी

सरांपुढे वाजवलं, ताईंसकट. सर फार कमी बोलतात. म्हणाले पहिल्या मूव्हमेंटमध्ये मधल्या भागात अजून थोडं थांबायची हिंमत हवी. मग ताईंच्या हाताकडे बघून त्यांना म्हणाले, तुम्ही कुठे शिकलात? ताईंनी धोबी तलावच्या सरांचं सांगितलं, ते पान उलटून पहिल्यावर आणायचे ते. सर बराच वेळ मान हलवत होते.

१८ जानेवारी, शनिवार

आज वाजवायचं नाही असं ठरवलंय. फक्त खुर्च्या लावल्या. ताईंच्या घरातल्या १४, शेजाऱ्यांकडून ६, बाकीचे जमिनीवर सतरंजीवर. निम्मी मंडळी मराठी आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांनी असं काही समोर बसून कधी ऐकलेलं नाही. मी सुरुवातीला दोन मिनिटं बोलणार, सा ग प ध प एवढंच गाऊन दाखवणार, बाकी त्यांनी ऐकावं.

हा सोनाटा १८६६ ला छापून आला, पण पहिला जाहीर कार्यक्रम लायप्झिगला १४ जानेवारी १८७१ ला झाला, एमिल हेगार चेलोवर आणि कार्ल रायनेके पियानोवर. मधली वर्षं तो असाच घरांमध्ये वाजत असणार, गेन्सबाखरसारख्यांच्या.

१९ जानेवारी, रविवार

झालं. रात्रीचे साडेअकरा, हात थरथरतायत अजून पण लिहिते.

आर्द्रता ४७, झाकण छोट्या काठीवर, गालिचा जागेवर. तीस माणसं आली की खोली बदलते, कपडे आवाज पितात, पियानो एकदम नरम झाला आणि मला पहिल्या सुरालाच कळलं की आज भांडायचं नाहीये.

पहिल्या मूव्हमेंटमध्ये मधल्या भागात मी थांबले, सर म्हणाले तसं, आणि ताई माझ्यासाठी थांबल्या, किंवा मी त्यांच्यासाठी, कोण आधी थांबलं ते रेकॉर्डिंगवरही कळत नाही. एक एफ शार्प गुरगुरला. बी मेजर आलं तेव्हा एक आजोबा मान डोलवायला लागले, ते मला तिरक्या नजरेनं दिसलं आणि नंतर मी बघितलं नाही. शेवटी गंधार शुद्ध झाला तेव्हा मागून कुणीतरी अगदी हळू "वा" म्हणालं. मैफलीत म्हणतात तसं. इथल्या जर्मन मंडळींनी जरा चमकून बघितलं. मला मात्र त्या एका "वा" नं पुढच्या दोन मूव्हमेंट पुरल्या.

मिन्युएट हलका झाला. ट्रायोत प्रतिबिंब फाटलं नाही.

फ्यूगमध्ये एका ठिकाणी माझा प्रवेश अर्ध्या ठोक्यानं चुकला. ताईंनी डाव्या हातातला विषय एवढा ठळक केला की मला परत यायला रस्ता दिसला, आणि दोन मापांनी माझा विषय आला तेव्हा त्या बाजूला झाल्या. खोलीतल्या कुणाला कळलं नसेल. पिउ प्रेस्तो एकत्र.

२२ जानेवारी

रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं, हेडफोनवर. २६ मिनिटं ४० सेकंद. सप्टेंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये मी जिथे जिथे गायब होते तिथल्या वेळा काढून दोन्ही शेजारी ठेवले. काही जागी अजूनही चेलो पियानोच्या खाली आहे. त्या जागा मी प्रतीत बघितल्या, बहुतेक सगळ्या कोऱ्या, लाल नाही, निळ्या नाही. दोन मात्र लाल आहेत, दोन्ही दुसऱ्या मूव्हमेंटच्या परतीत, तिथे गज अजून ब्रिजजवळ हवा होता.

ताईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "त्या दोन जागा शनिवारी परत घेऊ. येताना शेजाऱ्यांच्या खुर्च्या पोचवायला लवकर ये."